चाळिशीनंतर कळलेले नाव : प्रौढपणी होणारे स्वमग्नतेचे निदान



स्वमग्नता किंवा ऑटिझम हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर तीन-चार वर्षांचे मूल उभे राहते. ते हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर भिडवीत नाही, एकच खेळणे तासन् तास फिरवीत बसते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. अलीकडे धर्मग्रामांच्या कार्यालयांत आणखी एका प्रकारची माणसे येऊ लागली आहेत. त्यांचे वय पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान असते. ती नोकरी करतात, काहींचे लग्न झालेले असते, काहींची मुले महाविद्यालयात शिकत असतात. त्यांच्या हातात मानसोपचारतज्ज्ञाने दिलेला एक कागद असतो आणि तोंडी एकच प्रश्न असतो : "फादर, इतक्या वर्षांनी हे कळून काय उपयोग?" या प्रश्नाला आम्ही आजवर जी उत्तरे दिली ती आमची आम्हालाच पुरेशी वाटली नाहीत. म्हणून हा विषय थोडा अभ्यासून वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही ठरविले.

पुष्कळांना आठवत असेल, फेब्रुवारी २०१० मध्ये 'माय नेम इज खान' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा नायक रिझवान खान हा आपल्या बोरिवलीचा दाखविला आहे. लहानपणी तो इतर मुलांपेक्षा वेगळा आहे हे सर्वांना दिसते, पण का ते त्याच्या आईलाही कळत नाही. यंत्रे दुरुस्त करण्यात त्याचा हातखंडा असतो. पिवळा रंग आणि मोठे आवाज मात्र त्याला सहन होत नाहीत. पुढे तो अमेरिकेत भावाकडे जातो आणि तेथे मानसशास्त्र जाणणारी भावजय त्याच्या वागण्याचे नाव ओळखते : अ‍ॅस्परगर सिंड्रोम. त्या चित्रपटाच्या राजकारणाची चर्चा खूप झाली. आम्हाला मात्र त्यातील एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. बोरिवलीत वाढलेल्या मुलाला आपल्या स्वभावाचे नाव कळण्यासाठी प्रौढ व्हावे लागले आणि समुद्रही ओलांडावा लागला. कथा काल्पनिक असली तरी हा भाग काल्पनिक नाही.

एक चित्र डोळ्यांसमोर आणावे. हे कोणा एकाचे नव्हे, अनेकांच्या सांगण्यातून जुळवलेले आहे. मुलुंडला राहणारे, हिशेबाच्या कामात अत्यंत चोख असे एक गृहस्थ. वीस वर्षे रोज त्याच लोकलच्या त्याच डब्यात त्याच दाराशी उभे राहतात. गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा झाली की त्यांचा सारा दिवस विस्कटतो. घाटकोपरला मध्य रेल्वेची लोकल आणि २०१४ साली सुरू झालेली वर्सोव्याची मेट्रो एकमेकींना भेटतात. तेथील जिन्यावरची गर्दी, भोंगे आणि घामाचा वास यांनी ते इतके थकतात की कार्यालयात पोहोचल्यावर पहिला अर्धा तास कोणाशी बोलू शकत नाहीत. साहेबांनी "जरा बघून घ्या" म्हटले तर नेमके काय बघायचे ते त्यांना कळत नाही, आणि विचारले तर उद्धटपणा ठरतो. नात्यातल्या लग्नात उंबराच्या पाण्याला बँड वाजू लागला की ते मागच्या दाराने निसटतात. गावठाणात त्यांना एककल्ली म्हणतात, सासरी शिष्ट म्हणतात, पत्नी म्हणते यांना माझ्याविषयी काही वाटतच नाही. यांपैकी एकाही गोष्टीवरून कोणाला स्वमग्न ठरवता येत नाही, हे येथेच स्पष्ट करतो. गर्दी कोणाला आवडते? परंतु या सर्व गोष्टी लहानपणापासून, एकत्र आणि जीवनाला अडसर होण्याइतक्या तीव्र असतील, तर त्यांच्यामागे काही समान कारण असू शकते.

मग शाळेत हे कोणाच्याच ध्यानात का आले नाही? कारण तेव्हा ध्यानात आणून देणारी विद्याच आपल्यापर्यंत आली नव्हती. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी घडविला. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि त्या शब्दाला स्वतंत्र अर्थ मिळाला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी उत्तम बोलणाऱ्या, बुद्धिमान पण समाजात न मिसळणाऱ्या मुलांचे वर्णन केले. तो निबंध जर्मन भाषेत होता, काळ महायुद्धाचा होता, आणि बाहेरच्या जगाने तो फारसा वाचला नाही. (हे अ‍ॅस्परगर कॅथलिक होते. त्यांनी मुलांना नाझींपासून वाचविले असे दीर्घकाळ सांगितले जाई. २०१८ साली इतिहाससंशोधक हेरविग चेक यांनी कागदपत्रे तपासून दाखविले की त्यांनी काही मुलांना, जेथे अपंग बालकांना ठार केले जात असे, त्याच संस्थेत पाठविण्यात भाग घेतला होता. आपल्या माणसाविषयी हे वाचणे सुखाचे नाही, पण ते लपविणेही योग्य नाही.)

लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी १९८१ साली अ‍ॅस्परगर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या माता होत्या. स्वमग्नता ही 'आहे किंवा नाही' अशी पेटी नसून इंद्रधनुष्यासारखा वर्णपट आहे, हा विचार प्रामुख्याने त्यांचा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत अ‍ॅस्परगर हे नाव १९९४ साली आले आणि २०१३ साली ते काढून सर्व छटा 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एकाच नावाखाली घेण्यात आल्या. आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मान्य झालेल्या एकवीस प्रकारांमध्ये स्वमग्नतेला स्थान मिळाले. आता हिशेब करावा. १९७५ साली जन्मलेले, अंधेरीच्या मराठी शाळेत शिकलेले, नीट बोलणारे आणि गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारे मूल १९९० साली शाळेबाहेर पडले. त्याच्या शिक्षकांना, डॉक्टरांना किंवा धर्मगुरूंना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या मुलाला बोलताच येत नव्हते त्याला 'मतिमंद' म्हटले गेले. ज्याला बोलता येत होते त्याला घुम्या, लहरी किंवा आगाऊ म्हटले गेले.

येथे आपल्या मराठी शब्दाविषयीही बोलले पाहिजे. 'स्वमग्न' हा शब्द दिसायला सुंदर आहे आणि मूळ ग्रीक धातूशी इमानी आहे. पण तो ऐकणाऱ्याच्या मनात 'स्वतःतच रमलेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला' असा अर्थ सहज उमटतो, आणि 'आत्मकेंद्री' म्हटले तर तो सरळ दोषारोपच होतो. वस्तुतः या व्यक्तींपैकी अनेकांना दुसऱ्याचे दुःख कमी नव्हे, अधिकच लागते. ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्षणी व्यक्त करावे, हे त्यांना उमजत नाही. स्वतः स्वमग्न असलेले, मोठेपणीच निदान झालेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे मांडले की हा गोंधळ दुतर्फी आहे : त्यांना आपले मन वाचता येत नाही हे खरे, पण आपल्याला तरी त्यांचे कोठे वाचता येते? आम्हाला हे म्हणणे पटते. चांगला पर्यायी शब्द मात्र आम्हाला सुचलेला नाही, म्हणून रूढ शब्दच वापरीत आहोत.

स्त्रियांच्या बाबतीत निदान आणखी उशिरा होते. एक कारण असे की आरंभीची वर्णने बहुतांशी मुलग्यांची होती. दुसरे कारण आपल्या घरांत आहे. मुलीने मान खाली घालून गप्प बसणे आपल्याकडे गुण मानला जातो. त्यात काही वेगळे आहे असे कोणाला वाटत नाही. पाहुण्यांशी काय बोलावे, केव्हा हसावे, किती वेळ पाहावे, हे मोठ्या बहिणीचे पाहून मुलगी पाठ करते आणि तसे वठविते. तज्ज्ञ याला मुखवटा म्हणतात. दिवसभर तो सांभाळला की संध्याकाळी कोसळणे येते. अशा स्त्रिया प्रथम नैराश्य किंवा चिंताविकारासाठी डॉक्टरांकडे जातात, अनेक वर्षे औषधे घेतात, आणि मूळ गोष्ट तशीच झाकलेली राहते. कित्येकदा ती उघड होते ती मुलाच्या निमित्ताने. नातवाचे किंवा मुलाचे निदान होते, तज्ज्ञ एकेक लक्षण विचारीत जातात, आणि समोर बसलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या लक्षात येते की हे तर आपलेच वर्णन चालले आहे.

गायिका सुझन बॉईल यांचे उदाहरण आमच्या वाचकांना जवळचे वाटेल. स्कॉटलंडमधील या श्रद्धाळू कॅथलिक बाई २००९ साली दूरदर्शनवरील एका स्पर्धेत गायल्या आणि रातोरात जगाला ठाऊक झाल्या. सप्टेंबर २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट ग्लासगोस आले तेव्हा बेलाह्यूस्टन उद्यानातील मिस्साप्रसंगी त्या गायल्या. जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने मेंदूला इजा झाली आहे, असे त्यांना लहानपणापासून सांगितले गेले होते. शाळेत मुले त्यांना चिडवीत असत. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली आणि अ‍ॅस्परगरचे निदान झाले. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. हे कळल्याने आपल्याला सुटल्यासारखे वाटले, असे त्यांनी सांगितले. पन्नास वर्षे 'आपला मेंदू बिघडलेला आहे' असे मानून जगलेल्या माणसाला तो बिघडलेला नसून वेगळा आहे हे कळणे, हाच त्या "काय उपयोग?" या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आहे.

निदान कसे होते, याविषयी बरेच गैरसमज आहेत. त्यासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचे छायाचित्रही नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ दोन-तीन बैठकांत दीर्घ मुलाखत घेतात, संवादाचे निरीक्षण करतात, ठरावीक प्रश्नावल्या भरून घेतात. दोन गोष्टी तपासल्या जातात : एक, इतरांशी संवाद व नाते जोडण्यातील अडचण, दोन, ठरावीकपणाचा आग्रह, एखाद्या विषयाचा विलक्षण ध्यास, हालचालींची पुनरावृत्ती, तसेच आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयीची कमी-अधिक संवेदनशीलता. ही लक्षणे बालपणापासून असली पाहिजेत, ही अट महत्त्वाची आहे. चाळिशीत अचानक माणूस अबोल झाला तर ते दुसरे काही आहे, आणि त्याचीही तपासणी व्हावी. इंटरनेटवरील प्रश्नावली भरून स्वतःच निकाल लावू नये; ती फार तर डॉक्टरांकडे जाण्याचे निमित्त ठरू शकते. मुंबई महापालिकेच्या केईएम, नायर, शीव आणि आपल्या उपनगरातील कूपर या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. मात्र प्रौढांच्या स्वमग्नतेचा अनुभव प्रत्येक डॉक्टरला असतोच असे नाही, म्हणून तो आहे काय हे विचारण्यात संकोच करू नये. मन फार खचले असेल तर शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

निदानानंतर औषध काय, असे घरची माणसे लगेच विचारतात. स्वमग्नता घालविणारे औषध नाही. सोबत असलेली चिंता, नैराश्य, निद्रानाश यांवर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. पण मूळपेशींचे इंजेक्शन, आहाराचे महागडे कार्यक्रम, शरीरातील विषद्रव्ये काढण्याचे उपाय यांच्या जाहिराती आपल्या शहरात पुष्कळ दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वमग्नतेसाठी मूळपेशींचा वापर हा मान्यताप्राप्त उपचार नव्हे. घर गहाण ठेवून तेथे जाऊ नये. लसीमुळे स्वमग्नता होते हा दावा १९९८ साली ज्या निबंधातून पसरला, तो संबंधित वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हीदेखील केव्हाच मोडीत निघालेली कल्पना आहे. तरी ती आमच्या कानांवर अजून पडते, आणि बहुधा सासूच्या तोंडून.

कायद्याचा लाभ मिळतो काय? चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास मिळतो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामया' ही आरोग्य विमा योजनाही आहे. प्रमाणपत्रासाठी 'इसा' नावाची चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते; तीत सत्तरपेक्षा कमी गुण आले तर स्वमग्नता मानली जात नाही. आयुष्यभर मुखवटा सांभाळलेल्या प्रौढाचे गुण त्याखाली येऊ शकतात. तेव्हा डॉक्टरचे निदान एक आणि शासकीय प्रमाणपत्र दुसरे, हे ध्यानात ठेवावे. प्रमाणपत्र नाकारले गेले म्हणून निदान खोटे ठरत नाही. नोकरीच्या ठिकाणी सांगावे की न सांगावे, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. न सांगताही काही मागता येते : सूचना लेखी द्या, बसण्याची जागा वारंवार बदलू नका, कानांना आवाज रोखणारे यंत्र लावू द्या.

विवाहाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण या निदानानंतर धर्मगुरूंना विचारला जाणारा दुसरा प्रश्न हाच असतो. निदान झाले एवढ्यावरून लग्न रद्दबातल ठरत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम १०९५ मध्ये मानसिक कारणांमुळे विवाहाच्या मूलभूत जबाबदाऱ्या स्वीकारण्याची असमर्थता सांगितली आहे. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली रोटा न्यायालयापुढे बोलताना असमर्थता आणि अडचण यांत भेद करण्यास बजावले होते. स्वमग्न व्यक्तीशी संसार करण्यात अडचण असते, कधी खूप असते. जोडीदाराचे एकाकीपण खरे असते आणि ते "समजून घे" एवढ्या शब्दांत मोडीत काढता येत नाही. पण "याला माझ्याविषयी काही वाटत नाही" आणि "याला ते सांगता येत नाही" या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते कधी कधी त्या कागदामुळेच कळते. एका पत्नीने आम्हाला सांगितले की आता ती "तुम्हाला काही कळत नाही का?" असे न विचारता "मला बरे नाही, दहा मिनिटे जवळ बसा" असे म्हणते, आणि तो बसतो. घड्याळ लावून दहा मिनिटे बसतो, हेही तिने सांगितले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॅटिकनमध्ये स्वमग्नतेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि पोप फ्रान्सिस यांनी २२ तारखेला स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबियांची भेट घेतली. अमेरिकेतील धर्मगुरू फादर मॅथ्यू श्नायडर यांनी आपण स्वमग्न असल्याचे जाहीर केले. त्यांचे निदान गुरुदीक्षेनंतर झाले होते. ते वाचताना आम्हाला आमच्या सेमिनरीतील एक सोबती आठवला. लॅटिन व्याकरणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घंटा एक मिनिट उशिरा झाली तरी तो अस्वस्थ होई, आणि करमणुकीच्या तासाला भिंतीच्या कडेने एकटाच येरझाऱ्या घाली. आम्ही त्याला 'घड्याळ' म्हणत असू. तिसऱ्या वर्षी समूहजीवनास अयोग्य असा शेरा मिळून तो घरी गेला. तो स्वमग्न होता की नव्हता, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्याच्या बाजूने आमच्यापैकी कोणी एक शब्दही बोलले नाही, हे मात्र आम्हाला पक्के ठाऊक आहे.

धर्मग्रामात काय करता येईल? फार खर्चाचे काही नाही. ध्वनिवर्धकाचा आवाज कमी ठेवता येतो; तो कमी केल्यास वृद्धांचीही तक्रार थांबते. मागच्या बाकावर किंवा व्हरांड्यात उभे राहून मिस्सा ऐकणाऱ्याला स्वयंसेवकांनी पुढे ढकलू नये. शांतीचे चिन्ह देताना हात मिळविण्याऐवजी हात जोडण्याची आपल्याकडील पद्धत स्पर्श न सोसणाऱ्यास वरदानच आहे. प्रायश्चित्त साक्रामेंताला कोणी कागदावर लिहून आणले आणि नजर वर न करता वाचले, तर आम्ही धर्मगुरूंनी त्याला तोंडपाठ सांगण्याचा आग्रह धरू नये. आणि विवाहपूर्व शिबिरात किंवा लहान ख्रिस्ती समूहात एखादा गप्प बसला, तर त्याला 'बर्फ फोडणाऱ्या' खेळात ओढण्याचे कारण नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. प्रौढाचे निदान करताना तज्ज्ञांना बालपणाची साक्ष लागते, आणि ती बहुधा आईजवळ असते. ज्यांना आपल्याविषयी अशी शंका आहे त्यांनी, आई हयात असेल तर, एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसून विचारून घ्यावे : मी केव्हा बोलू लागलो? कोणते कपडे अंगाला लागू देत नव्हतो? कोणाबरोबर खेळत असे? फटाक्यांच्या वेळी कोठे लपत असे? शाळेचे जुने प्रगतिपुस्तक असल्यास शिक्षकांचा शेराही पाहावा. जे सांगितले जाईल ते तारीख घालून वहीत लिहून ठेवावे आणि पहिल्या भेटीच्या वेळी ती वही डॉक्टरांकडे न्यावी.